रोपलाईटचा उजेड मंद कसा करावा? पंख्याचा रेग्युलेटर हा त्यावरचा इलाज नव्हे

लग्नाच्या माटवापासून दिवाणखान्याच्या छतापर्यंत आणि कापडाच्या शोकेसपासून मिठाईच्या काउंटरपर्यंत आज सगळीकडे रोपलाईट दिसते. ईदच्या आधी, गणपतीच्या आधी आणि मे महिन्याच्या लग्नसराईत रत्नागिरीच्या बाजारात हा माल हमखास खपतो. दोन-चार दिवसांच्या समारंभात तिचा झगमगाट बरा वाटतो. परंतु तीच दोरी घरात कायमची लावली की रात्री डोळ्यांना खुपते. घरात लहान मूल असते, म्हातारी माणसे असतात. मग उजेड मंद करण्याचा विचार सुरू होतो आणि कोणीतरी हमखास सल्ला देतो, "पंख्याचा जुना रेग्युलेटर पडलाय ना, तोच जोडा."

आम्ही कापडाचे व्यापारी आहोत, वायरमन नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे कारण असे की, रोपलाईट जिथे लागते तिथे आमचे कापड असते. नेटचे पडदे, साटिनच्या झालरी, जॉर्जेटचे गुंडाळलेले खांब, यांच्या आडूनच ही दोरी फिरवली जाते. ठिणगी दिव्याची असते, पण पेट कापड घेते. म्हणून ही माहिती कापडवाल्याला, मंडपवाल्याला आणि वायरमनला सारखीच उपयोगी आहे. सर्वांत आधी लक्षात ठेवायची गोष्ट एकच: दोरीच्या आत काय आहे हे कळल्याशिवाय डिमर विकत घेऊ नये.

दोरी एक, जाती तीन

बाहेरून सगळ्या रोपलाईट सारख्या दिसतात. प्लास्टिकची पारदर्शक नळी आणि तिच्या आत दिव्यांची रांग. (ही नळी ज्या पी.व्ही.सी.ची असते त्याचा कच्चा माल आपल्या रत्नागिरीजवळ रनपार येथील फिनोलेक्सच्या कारखान्यात १९९४ पासून तयार होतो.) परंतु आतील रचनेवरून तिच्या तीन जाती पडतात.

पहिली जात जुन्या तारेच्या बल्बची. यात तांदळाच्या दाण्याएवढे बल्ब ओळीने जोडलेले असतात. ही दोरी गरम होते, उजेड पिवळसर असतो आणि मीटरमागे साधारण १५-१६ वॅट वीज खाते. नवा माल आता क्वचितच मिळतो, पण अनेक घरांच्या माळ्यावर आणि मंडपवाल्यांच्या पेट्यांत ती अजून आहे.

दुसरी जात थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी दोरीची. हिच्या प्लगजवळ छोटी डबी असते. त्या डबीत वीज फक्त एकदिश होते, कमी होत नाही. बाजारात सर्वांत जास्त खपते ती हीच.

तिसरी जात १२ किंवा २४ व्होल्टच्या पट्टीची. हिच्याबरोबर वेगळा अडॅप्टर लागतो, त्याला कारागीर ड्रायव्हर म्हणतात. छताच्या खाचेत, कपाटात आणि शोकेसमध्ये बहुधा हीच पट्टी असते.

ओळखण्याची सोपी रीत म्हणजे डबीवरचे लेबल वाचणे. "आउटपुट १२ व्होल्ट डी.सी." किंवा "२४ व्होल्ट डी.सी." असे लिहिलेले असेल तर माल तिसऱ्या जातीचा. असे काही लिहिलेले नसेल तर तो २३० व्होल्टचा समजूनच हाताळावा.

डिमर नेमके काय करतो?

आपल्या घरात येणारी वीज सेकंदाला ५० वेळा पूर्ण फेरी मारते, म्हणजे सेकंदाला १०० वेळा तिची लाट चढते आणि उतरते. पूर्वी उजेड कमी करण्यासाठी वाटेत अडथळा घालत आणि उरलेली वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. १९५९ साली अमेरिकेत जोएल स्पिरा या गृहस्थांनी घरगुती भिंतीत बसेल असा अर्धवाहकाचा डिमर तयार केला आणि १९६१ मध्ये त्यांची लुट्रॉन कंपनी उभी राहिली. हा डिमर प्रत्येक लाटेचा सुरुवातीचा भाग कापतो आणि उरलेलाच पुढे जाऊ देतो. जितका मोठा तुकडा कापाल तितका उजेड कमी.

तारेच्या बल्बला हे चांगले मानवते. तार तापून उजेड देते आणि लाटेच्या मधल्या क्षणात ती थंड होत नाही, म्हणून उजेड सलग दिसतो. एलईडीचे तसे नाही. ती तापून उजळत नाही. वीज आली की त्याच क्षणी पेटते, गेली की त्याच क्षणी विझते. म्हणून कापलेल्या लाटेवर ती लुकलुकते. पांढरी एलईडी आपल्या घरी आली तीच मुळी निळ्या एलईडीमुळे. जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये तेजस्वी निळी एलईडी बाजारात आणली आणि इसामु आकासाकी व हिरोशी अमानो यांच्यासमवेत त्यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांगायचा मुद्दा हा की, भिंतीवरचा जुना डिमर हा एलईडी येण्यापूर्वीच्या जमान्याचा आहे. त्याच्याकडून एलईडीच्या कामाची अपेक्षा ठेवणे हा त्याच्यावरही अन्याय आहे.

पंख्याचा रेग्युलेटर का नको?

पंख्याचा रेग्युलेटर पंख्याच्या मोटारीसाठी बनवलेला असतो आणि एका पंख्याचा भार तो गृहीत धरतो, म्हणजे बहुधा १०० वॅटच्या आतला. आता हिशेब करा. तारेच्या बल्बची १० मीटर दोरी मीटरमागे १६ वॅटप्रमाणे १६० वॅट खाते. म्हणजे रेग्युलेटरवर भार दीडपटीहून अधिक झाला. तो भिंतीतील लाकडी किंवा प्लास्टिकच्या पेटीत बंद असतो, हवा मिळत नाही. तो आतल्या आत तापत राहतो आणि कोणाला पत्ता लागत नाही.

एलईडी दोरीवर तर तो आणखी निरुपयोगी. आजकालचे पायऱ्यांचे रेग्युलेटर आत कपॅसिटर घालून वेग कमी करतात. एलईडीच्या डबीशी त्यांचे जमत नाही. एका पायरीवर पूर्ण उजेड, दुसरीवर लुकलुक, तिसरीवर काहीच नाही, असा प्रकार होतो. काही दिवसांनी दोरी किंवा रेग्युलेटर यांपैकी एक जातो आणि गिऱ्हाईक दुकानदाराशी भांडायला येते.

थेट २३० व्होल्टची एलईडी दोरी

या दोरीबाबत नियम साधा आहे. पाकिटावर "डिमेबल" असे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ती मंद करू नये. लिहिलेले असेल तर त्याच कंपनीने सांगितलेला डिमर वापरावा.

त्यातही दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, किमान भार. जुन्या धर्तीच्या डिमरला नीट चालण्यासाठी ठरावीक वॅटचा भार लागतो. पाच मीटर एलईडी दोरी ३०-४० वॅटच खाते, त्यामुळे डिमर धड पकड घेत नाही आणि उजेड थरथरतो. दुसरी, कमाल भार. चांगल्या डिमरच्या पाकिटावर दोन आकडे असतात, एक तारेच्या बल्बसाठी आणि दुसरा एलईडीसाठी. एलईडीचा आकडा बराच लहान असतो. वायरमनने तोच धरावा.

इथे एक गैरसमज दूर करणे जरुरीचे आहे. उजेड मंद झाला म्हणजे झटका सौम्य झाला असे अनेकांना वाटते. तसे अजिबात नाही. डिमर लाटेचा तुकडा कापतो, पण उरलेल्या तुकड्याची उंची तितकीच जीवघेणी राहू शकते. आपल्या २३० व्होल्टच्या लाटेचे टोक सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत जाते. मंद जळणाऱ्या दोरीचे उघडे टोक भर उजेडातील दोरीइतकेच घातक समजावे. डिमरची खुंटी शून्यावर आणणे म्हणजेही वीज बंद करणे नव्हे. दोरीला हात लावण्यापूर्वी प्लग काढावा. कायमची जोडणी असेल तर मेन बंद करून टेस्टरने खात्री करावी. डिमर आणि स्विच दोन्ही फेज तारेतच असावेत.

दोरी कापायची असेल तर कंपनीने केलेल्या कात्रीच्या खुणेवरच कापावी. ही खूण मालानुसार एक किंवा दोन मीटरवर असते. मध्येच कापली तर तो सगळा तुकडा विझतो आणि तारा उघड्या पडतात. कापलेल्या टोकावर टोपण बसवलेच पाहिजे. चिकटपट्टी गुंडाळणे हे टोपण नव्हे.

घरासाठी सर्वांत बरा मार्ग: १२ किंवा २४ व्होल्टची पट्टी

घरात कायमची मंद रोषणाई हवी असेल तर आमच्या मते तिसऱ्या जातीचा माल घ्यावा. यात डिमर २३० व्होल्टच्या बाजूला बसत नाही. तो अडॅप्टर आणि पट्टी यांच्या मध्ये बसतो. हा डिमर व्होल्टेज कमी करत नाही. तो सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा वीज चालू-बंद करतो. चालू राहण्याचा वेळ कमी केला की डोळ्याला उजेड कमी दिसतो. वेग पुरेसा असल्याने लुकलुक जाणवत नाही, आणि हाताशी येणारा भाग १२ किंवा २४ व्होल्टचाच राहतो.

साधा अडॅप्टर असताना त्याच्या आधी, म्हणजे भिंतीच्या बाजूला, डिमर कधीही लावू नये. अडॅप्टर आपले १२ व्होल्ट टिकवण्यासाठी धडपडतो, गुणगुणतो, तापतो आणि अखेर जळतो. भिंतीवरच डिमर हवा असेल तर अडॅप्टरही "डिमेबल" लिहिलेला घ्यावा.

आता अडॅप्टरच्या मापाचा हिशेब पाहू. समजा पट्टी मीटरमागे १४.४ वॅटची आहे आणि ५ मीटर लावायची आहे. एकूण ७२ वॅट झाले. अडॅप्टर नेमका ७२ वॅटचा घेऊ नये, चौथाई जादा धरावी. ७२ आणि १८ मिळून ९० होतात, म्हणजे बाजारात मिळणारा १०० वॅटचा घ्यावा. या पट्टीत १२ व्होल्टवर ६ अँपिअर प्रवाह वाहतो. तेवढीच वीज २३० व्होल्टवर पाव-अर्धा अँपिअर घेते. म्हणजे १२ व्होल्टचा झटका लागत नाही हे खरे, पण तारेतून जाणारा प्रवाह मोठा असतो. तार बारीक असेल किंवा जोड सैल असेल तर तो जोड तापतो, काळा पडतो आणि शेजारचे कापड किंवा थर्माकोल धरतो. म्हणून जोड सोल्डर करावा किंवा स्क्रूच्या पट्टीत घट्ट बसवावा, डिमर ६ अँपिअरपेक्षा मोठ्या मापाचा घ्यावा आणि अडॅप्टरनंतर योग्य मापाचा फ्यूज टाकावा. १२ व्होल्टची पट्टी ५ मीटरपेक्षा लांब ओढली तर शेवटचे टोक फिके पडते. तिथे दुसरी जोडतार अडॅप्टरपासून वेगळी न्यावी.

आखातातून आलेला माल

आपल्या जिल्ह्यातील किती घरांतील माणसे आखातात आहेत हे सांगायला नको. सुटीवर येताना रोषणाईचा मालही येतो. तो प्लगमध्ये खुपसण्यापूर्वी लेबल वाचावे. सौदी अरेबियात घरगुती वीज दीर्घकाळ १२७ व्होल्टची होती. तिकडच्या त्या मापाचा जुना माल किंवा अमेरिकेचा १२० व्होल्टचा माल आपल्या २३० व्होल्टवर लावला तर तो क्षणात जळतो.

दुसरी गोष्ट प्लगची. दुबई, कुवेत, कतार, ओमान येथील तीन चौकोनी दांड्यांच्या प्लगमध्ये आत एक छोटा फ्यूज असतो. आपल्याकडे तो प्लग कापून दोन दांड्यांचा लावतात आणि त्याबरोबर तो फ्यूजही जातो. मालाचे संरक्षण कापून कचऱ्यात टाकल्यासारखेच ते आहे. त्यापेक्षा योग्य सॉकेट बसवावे.

कापड, उष्णता आणि गुंडाळी

आता आमच्या धंद्याचे बोलतो. सुती कापड तापले की करपते आणि वास येतो, त्यामुळे माणूस सावध होतो. पॉलिस्टर सुमारे २५० ते २६० अंशांना वितळते आणि पेटले तर त्याचे जळते थेंब खाली पडतात. लग्नाच्या स्टेजवर आज बहुतेक कापड पॉलिस्टर किंवा नायलॉन असते. एलईडीची दोरी चांगल्या स्थितीत इतकी तापत नाही. धोका असतो तो सैल जोडाचा, कोंडलेल्या अडॅप्टरचा आणि गुंडाळलेल्या दोरीचा.

दोरी रिळावर गुंडाळलेली असताना कधीही पेटवू नये. दुकानात गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी अनेक जण असेच करतात. रिळाच्या मध्यभागी उष्णता साठते आणि नळी मऊ पडते. तारेवरचे साधे पी.व्ही.सी. वेष्टन ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी असते, हे ध्यानात ठेवावे. दाखवायची असेल तर सोडून, क्षणभरच पेटवावी. अडॅप्टर पडद्याच्या घडीत किंवा गादीमागे ठेवू नये, त्याला चहूबाजूंनी हवा हवी. दोरी खिळ्याने किंवा स्टेपलने ठोकू नये, क्लिपनेच बसवावी. कापड आणि दोरी यांत चार बोटांचे अंतर राखावे.

मंद केल्यावर काम ठीक झाले की नाही हे तपासण्यासाठी अर्धा तास मध्यम उजेडावर चालवावे, मग प्लग काढून डिमर, अडॅप्टर आणि प्रत्येक जोडावर हाताची मागची बाजू टेकवावी. कोमट लागले तर हरकत नाही. हात ठेववत नसेल किंवा गुणगुण ऐकू येत असेल तर जोडणी चुकलेली आहे.

कोकणची हवा आणि कोकणची जमीन

मिरकरवाडा, राजिवडा येथील खाऱ्या वाऱ्यात तांब्याची उघडी तार थोड्याच काळात हिरवी पडते. हिरवा जोड म्हणजे कमजोर जोड, आणि कमजोर जोड म्हणजे उष्णता. त्यात रत्नागिरीत वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ओटीवर किंवा गच्चीवर लावायची दोरी बाहेरच्या वापराची असावी आणि पाकिटावर आयपी ६५ असा दर्जा असावा. आयपी २० म्हणजे फक्त कोरड्या खोलीसाठी. जोडावर सिलिकॉन लावताना ते सिरक्यासारखा वास येणारे नसावे. त्यातील आम्ल तांबे खाते. बिनवासाचे, विजेच्या कामाचे सिलिकॉन मिळते, तेच वापरावे.

धातूच्या पेटीचा अडॅप्टर असेल तर त्याला अर्थिंग जोडलेच पाहिजे. आपली जांभ्याची जमीन पाणी धरून ठेवत नाही. उन्हाळ्यात, म्हणजे नेमके लग्नसराईत, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो. त्यात पाणी घालण्याची सवय ठेवावी. घराच्या बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्यावा. एमसीबी तारेला वाचवतो, माणसाला झटक्यापासून वाचवतो तो आरसीसीबी. त्यावरचे "टेस्ट" बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली, मंडणगडकडे अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. तेव्हापासून इन्व्हर्टर घरोघरी अधिक दिसू लागले. साध्या चौकोनी लाटेच्या इन्व्हर्टरवर भिंतीचा डिमर नीट चालत नाही. अडॅप्टर आणि त्याच्या पुढे डिमर असलेली पट्टी मात्र सहसा तक्रार करत नाही.

डिमरशिवायही मंद उजेड होतो

प्रत्येक वेळी डिमर हवाच असे नाही. एकच लांब दोरी लावण्याऐवजी दोन भाग करून दोन स्विच द्यावेत. रात्री एकच लावला की उजेड निम्मा. पट्टी भिंतीकडे किंवा छताकडे वळवली की डोळ्यांना थेट खुपत नाही. मुळात कमी वॅटची, पिवळसर छटेची पट्टी घेतली तर पैसाही वाचतो. तारेच्या बल्बची १० मीटर दोरी रोज ६ तास जाळली तर महिन्याला सुमारे २९ युनिट होतात. त्याच लांबीच्या ६० वॅटच्या एलईडीला ११ युनिटही लागत नाहीत.

व्यापाऱ्यांसाठी आणि कारागिरांसाठी

एलईडी माळा आणि एलईडीचे ड्रायव्हर भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीत येतात. मालावर मानक चिन्ह आणि इंग्रजी "आर" अक्षरापुढे आठ आकडी नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक "बीआयएस केअर" या मोबाईल ॲपवर दोन मिनिटांत तपासता येतो. घाऊक माल उचलण्यापूर्वी हे पाहावे. सुरतेचे कापड हातात धरून पारखणारे आपण, लेबल वाचण्याचा कंटाळा कशाला?

विकताना पट्टी, अडॅप्टर आणि डिमर हे जुळणारे तीन नग एकत्र द्यावेत आणि बिलावर वॅट व व्होल्ट लिहावेत. गिऱ्हाईक "स्वस्तातला दाखवा" म्हणेल. त्याला जात समजावून सांगितली की बहुतेक जण ऐकतात. "डिमेबल" नसलेली दोरी डिमरसह विकणे म्हणजे चार पैशांसाठी दुसऱ्याच्या घरात जोखीम पाठवणे होय. आणि आपल्या तरुण वायरमनांनी हे काम नीट शिकून घेतले तर त्यात रोजगारही आहे. पडद्यांचे काम आमच्याकडे येते तेव्हा गिऱ्हाईक विचारतेच, "लाईटवाला कोणी भरवशाचा आहे का?" त्या प्रश्नाला बिनदिक्कत नाव सांगता येईल असे कारागीर गावात जितके वाढतील तितके बरे.